हर्मन हॉलरिथ

हर्मन हॉलरिथ (२९ फेब्रुवारी, १८६० - १७ नोव्हेंबर, १९२९) हे अमेरिकन अभियंते, संख्याशास्त्रज्ञ आणि उद्योजक होते. छिद्रे पाडलेल्या कागदी पत्रांवरून माहिती वाचणारे, मोजणारे आणि गटवार लावणारे विद्युत सारणीयंत्र त्यांनी तयार केले. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत या यंत्राचा मोठ्या प्रमाणावर वापर झाला. पुढे आयबीएम या नावाने जगप्रसिद्ध झालेल्या कंपनीच्या मुळाशी असलेल्या उद्योगांपैकी एक हॉलरिथ यांचा होता. मोठ्या सारणीतील नोंदी गटांत वाटून प्रत्येक गटाची संख्या, बेरीज किंवा कमाल मूल्य काढणे हे आज संगणकावर क्षणात होणारे काम माणसाच्या हातातून यंत्राकडे सोपवण्याची सुरुवात त्यांच्यापासून झाली, असे म्हणता येते.

बालपण आणि शिक्षण

हॉलरिथ यांचा जन्म न्यूयॉर्क राज्यातील बफेलो या शहरात झाला. त्यांचे आईवडील जर्मनीच्या पॅलेटिनेट भागातून अमेरिकेत स्थलांतरित झाले होते. लहानपणी त्यांना शब्दलेखन अतिशय जड जात असे. त्या तासाला ते शाळेतून पळ काढत आणि एकदा तर त्यांनी खिडकीतून उडी मारली, अशी आठवण सांगितली जाते. पुढे त्यांना घरीच एका लुथरन धर्मोपदेशकाकडून शिकवणी मिळाली. १८७५ मध्ये ते न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात दाखल झाले. तेथून कोलंबिया विद्यापीठाच्या खाणशास्त्र विद्यालयात जाऊन १८७९ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांनी खाण अभियंत्याची पदवी मिळवली.

कोलंबियातील त्यांचे प्राध्यापक विल्यम ट्रोब्रिज यांच्याकडे १८८० च्या जनगणनेतील काही काम होते. त्यांनी हॉलरिथ यांना सोबत घेतले. लोखंड व पोलाद उद्योगात वापरल्या जाणाऱ्या वाफेच्या आणि पाण्याच्या शक्तीचा अहवाल तयार करण्याचे काम या तरुण अभियंत्याकडे आले आणि त्यानिमित्ताने जनगणना कार्यालयातील एकूण कारभार त्यांना जवळून पाहता आला.

जनगणनेतील अडचण

अमेरिकेच्या संविधानानुसार दर दहा वर्षांनी जनगणना करावी लागते आणि प्रतिनिधिगृहातील जागांची राज्यनिहाय वाटणी तिच्यावर अवलंबून असते. १८८० मध्ये देशाची लोकसंख्या पाच कोटींच्या वर गेली होती. घरोघरी जाऊन माहिती गोळा करण्यात अडचण नव्हती. अडचण होती ती नंतरच्या कामात. कारकून भल्यामोठ्या तक्त्यांवर प्रत्येक व्यक्तीसाठी रेघ मारत आणि शेवटी रेघा मोजत. एकट्या स्त्री-पुरुष विभागणीची मोजणी करायची असेल तर एक फेरी पुरे. परंतु स्त्री-पुरुष, वयोगट, वर्ण, जन्मस्थान आणि व्यवसाय यांची एकत्रित सारणी हवी असेल तर तेच कागद पुन्हा पुन्हा चाळावे लागत. प्रत्येक नव्या प्रश्नासाठी सगळी नोंद पहिल्यापासून वाचणे आले. १८८० च्या जनगणनेचे अहवाल पुरे होण्यास सात-आठ वर्षे लागली. लोकसंख्या याच वेगाने वाढत राहिली, तर एका जनगणनेचे निष्कर्ष हाती येण्याआधी दुसरी सुरू होईल, अशी भीती निर्माण झाली होती.

जन्ममृत्यूच्या आकडेवारीचे प्रमुख डॉ. जॉन शॉ बिलिंग्ज यांच्या घरी एका रविवारी संध्याकाळी झालेल्या गप्पांत, हे निव्वळ यांत्रिक काम करणारे एखादे यंत्र असायला हवे, असा विचार बिलिंग्ज यांनी मांडला. हॉलरिथ यांनी ही गोष्ट आयुष्यभर मोकळेपणाने मान्य केली. यंत्र घडवण्यात भागीदार होण्याची विचारणा त्यांनी बिलिंग्ज यांना केली होती, परंतु बिलिंग्ज यांना त्यात रस नव्हता. कल्पनेचे श्रेय कोणाचे, याविषयी पुढे बराच वाद झाला. कल्पना बिलिंग्ज यांची आणि यंत्र हॉलरिथ यांचे, ही विभागणी उपलब्ध हकिकतींशी सर्वाधिक जुळते.

शोधाची वाटचाल

१८८२ मध्ये हॉलरिथ मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे यंत्र अभियांत्रिकीचे अध्यापक झाले. शिकवण्यात त्यांचे मन रमले नाही. वर्षभरातच त्यांनी ती नोकरी सोडली. सेंट लुईस येथे त्यांनी रेल्वेच्या विद्युतचुंबकीय ब्रेकवर काही प्रयोग केले आणि मग वॉशिंग्टनच्या पेटंट कार्यालयात साहाय्यक परीक्षक म्हणून काम केले. हा काळ थोडाच होता, पण पेटंटचा अर्ज कसा लिहावा आणि त्याचे रक्षण कसे करावे, हे शिक्षण त्यांना पुढे फार उपयोगी पडले. १८८४ मध्ये नोकरी सोडून त्यांनी त्याच वर्षी २३ सप्टेंबर रोजी आपला पहिला अर्ज दाखल केला.

या पहिल्या आराखड्यात पत्रे नव्हती. कागदाच्या लांब पट्टीवर छिद्रे पाडून ती पट्टी यंत्रातून न्यायची, अशी योजना होती. तिच्यातील दोष लवकरच लक्षात आला. पट्टीवर नोंदींचा क्रम कायमचा ठरून जातो. मधली एक नोंद हवी असेल तरी सगळी पट्टी उलगडावी लागते आणि नोंदी हव्या त्या गटात एकत्र आणणे शक्यच होत नाही. यावर उपाय म्हणून प्रत्येक व्यक्तीसाठी एक स्वतंत्र पत्र ठेवण्याचे ठरले. हा बदल वरवर किरकोळ वाटतो, परंतु हॉलरिथ यांच्या पद्धतीचे सगळे सामर्थ्य त्यात आहे. सुटे पत्र कोणत्याही गठ्ठ्यात जाऊ शकते आणि आज वयानुसार लावलेला गठ्ठा उद्या व्यवसायानुसार लावता येतो. या कल्पनेला रेल्वेच्या तिकिटांची मदत झाली. दुसऱ्याचे तिकीट कोणी वापरू नये म्हणून काही गाड्यांतील तिकीट तपासनीस प्रवाशाच्या केसांचा रंग, डोळ्यांचा रंग, नाकाची ठेवण अशा खुणा तिकिटावर छिद्रे पाडून नोंदवत. तसेच वर्णन प्रत्येक नागरिकाचे करायचे, असे हॉलरिथ यांनी ठरवले.

बाल्टिमोर शहराच्या मृत्युनोंदींवर या पद्धतीची पहिली चाचणी झाली. त्यानंतर न्यू जर्सी राज्य आणि न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्यांनी तिचा वापर केला. सुरुवातीला छिद्रे तिकीट तपासनिसाच्या हातचिमट्यानेच पाडली जात. त्यामुळे ती फक्त पत्राच्या कडेला पडत आणि दिवसभर काम केल्यावर हात भरून येत असे. मग त्यांनी पँटोग्राफच्या तत्त्वावर चालणारे छिद्रयंत्र तयार केले आणि पत्राचा सगळा पृष्ठभाग उपयोगात आला. ८ जानेवारी, १८८९ रोजी त्यांना या पद्धतीची तीन पेटंटे मिळाली.

१८८९ ची स्पर्धा

जनगणनेसाठी कोणती पद्धत घ्यावी हे ठरवण्यासाठी १८८९ मध्ये स्पर्धा ठेवण्यात आली. सेंट लुईसच्या काही भागांतील १८८० च्या १०,४९१ नोंदी तिन्ही स्पर्धकांना देण्यात आल्या. चार्ल्स पिजिन यांची पद्धत रंगीत तुकड्यांची होती, तर विल्यम हंट यांची निरनिराळ्या रंगांच्या शाईने लिहिलेल्या चिठ्ठ्यांची. मूळ नोंदी आपापल्या माध्यमावर उतरवण्यास हॉलरिथ यांना सुमारे साडेबहात्तर तास लागले. पिजिन यांना ११० आणि हंट यांना १४४ तासांहून अधिक वेळ लागला. खरा फरक सारणी करताना दिसला. हॉलरिथ यांचे यंत्र सुमारे साडेपाच तासांत मोकळे झाले. त्याच कामाला पिजिन यांना साधारण ४४ आणि हंट यांना ५५ तास लागले. उतरवण्याच्या कामात सुमारे एक तृतीयांश ते निम्मी बचत आणि मोजणीत आठ ते दहापट, हे प्रमाण लक्षात घेण्याजोगे आहे. नोंद एकदाच उतरवायची असते, पण मोजणी अनेकदा करावी लागते.

यंत्राची रचना

१८९० च्या जनगणनेतील पत्र ६ ५/८ इंच लांब आणि ३ १/४ इंच रुंद होते. त्यावर २४ स्तंभ आणि १२ ओळी, म्हणजे छिद्रांसाठी २८८ जागा होत्या. पत्रावर अक्षरे वा आकडे छापलेले नव्हते. छिद्राची जागा हाच त्याचा अर्थ. पत्र यंत्राच्या जबड्यात ठेवून हाताने दांडा खाली ओढला की स्प्रिंगवर बसवलेल्या पिना पत्रावर दाबल्या जात. जेथे छिद्र असे तेथे पिन आरपार जाऊन खालच्या छोट्या वाटीतील पाऱ्याला टेके, परिपथ पूर्ण होई आणि त्या छिद्राशी जोडलेल्या तबकडीचा काटा एका घराने पुढे सरके. एका यंत्रावर अशा ४० तबकड्या होत्या आणि प्रत्येक तबकडी ९,९९९ पर्यंत मोजू शके. नोंद झाली की घंटा वाजे. घंटा वाजली नाही तर पत्र सदोष आहे किंवा चुकीच्या ठिकाणचे आहे, हे चालकाला तत्काळ कळे.

तबकडीचा संबंध एकाच छिद्राशी असण्याचे कारण नव्हते. रिले वापरून दोन-तीन छिद्रांची जोडी एकाच तबकडीला देता येई. त्यामुळे अमेरिकेत जन्मलेले श्वेतवर्णीय पुरुष किंवा परदेशात जन्मलेल्या स्त्रिया असे संयुक्त गट एकाच फेरीत मोजले जात. आजच्या संगणकीय परिभाषेत, गठ्ठा एकदाच वाचायचा आणि प्रत्येक गटासाठी स्मृतीत एक चालू आकडा ठेवायचा, अशी ही पद्धत आहे. तिची मर्यादाही आजच्यासारखीच होती. गटांची संख्या उपलब्ध तबकड्यांपेक्षा अधिक झाली की एका फेरीत काम होत नसे.

त्यासाठी यंत्राला लागूनच वर्गीकरणाची पेटी ठेवलेली असे. पत्र मोजले जात असतानाच त्यातील ठरावीक छिद्रांनुसार पेटीतील एका खणाचे झाकण विजेने उघडे आणि चालक पत्र त्या खणात टाकून झाकण लावी. याप्रमाणे मोजणी चालू असतानाच पुढच्या मोजणीसाठी गठ्ठे तयार होत.

या जनगणनेसाठी शंभराच्या आसपास यंत्रे प्रत्येकी वर्षाला १,००० डॉलर भाड्याने घेण्यात आली. चालकांमध्ये स्त्रियांची संख्या मोठी होती. काम थांबावे म्हणून काही कारकून वाटीतील पारा हळूच काढून पिकदाणीत टाकत, असा किस्सा सांगितला जातो. लोकसंख्येचा एकूण आकडा काही आठवड्यांतच तयार झाला. तो ६,२६,२२,२५० इतका होता. अनेकांनी साडेसात कोटींची अपेक्षा धरली होती, म्हणून वर्तमानपत्रांनी यंत्रावरच संशय घेतला. यंत्राने वेळ वाचवला तसेच नवे प्रश्न विचारण्याची सोयही करून दिली. या जनगणनेत पूर्वी शक्य नसलेल्या अनेक संयुक्त सारण्या प्रसिद्ध झाल्या, त्यामुळे खर्च मात्र अपेक्षेइतका कमी झाला नाही.

याच कामाबद्दल कोलंबिया विद्यापीठाने १८९० मध्ये हॉलरिथ यांना डॉक्टरेट दिली आणि फ्रँकलिन इन्स्टिट्यूटने एलियट क्रेसन पदक दिले. त्याच वर्षी १५ सप्टेंबर रोजी त्यांचा विवाह लुसिया टॅलकॉट यांच्याशी झाला. त्यांना सहा अपत्ये झाली. ऑस्ट्रिया, कॅनडा आणि नॉर्वे या देशांनी लगेचच, आणि रशियाने १८९७ च्या जनगणनेसाठी, त्यांची पद्धत स्वीकारली.

बेरीज, वर्गीकरण आणि गटातील कमाल

जनगणना दहा वर्षांतून एकदा येते. मधली वर्षे यंत्रे पडून राहत. म्हणून हॉलरिथ रेल्वे कंपन्यांकडे वळले. न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेला मालवाहतुकीच्या लाखो पावत्यांचा हिशेब ठेवावा लागे. तेथे डोकी मोजून भागणार नव्हते, वजन आणि भाडे यांची बेरीज हवी होती. यासाठी त्यांनी बेरीज करणारे सारणीयंत्र तयार केले. ३ डिसेंबर, १८९६ रोजी त्यांनी टॅब्युलेटिंग मशीन कंपनी स्थापन केली. १९०० च्या जनगणनेत ५७ लाखांहून अधिक शेतांची माहिती सारणीबद्ध करताना या यंत्राचा उपयोग झाला. याच कामाच्या निमित्ताने पत्रे आपोआप खणांत टाकणारे वर्गीकरण यंत्र पुढे आले. नंतरच्या उभ्या यंत्राला बारा ओळींसाठी बारा आणि छिद्र नसलेल्या पत्रांसाठी एक, असे तेरा खण होते.

हॉलरिथ यांची यंत्रे मोजू शकत होती आणि बेरीज करू शकत होती. दोन संख्यांतील मोठी कोणती, हे मात्र त्यांना सांगता येत नव्हते. तरीही वर्गीकरण यंत्राच्या साह्याने गटातील कमाल मूल्य शोधता येई. समजा, प्रत्येक पत्रावर दोन स्तंभांत परगण्याचा क्रमांक आणि तीन स्तंभांत शेताचे क्षेत्रफळ आहे. गठ्ठा प्रथम क्षेत्रफळाच्या एकक स्थानावरून यंत्रातून काढायचा. खणांतील पत्रे शून्यापासून नवापर्यंत क्रमाने एकावर एक रचायची. मग तोच गठ्ठा दशक आणि शतक स्थानांवरून आणि शेवटी परगण्याच्या दोन स्तंभांवरून काढायचा. पाच फेऱ्यांनंतर प्रत्येक परगण्याची पत्रे एकत्र येतात आणि त्या परगण्यातील शेवटचे पत्र सर्वांत मोठ्या शेताचे असते. उलट्या टोकाचे पत्र सर्वांत लहान शेताचे.

या रीतीत कोठेही दोन पत्रांची तुलना होत नाही. एक लाख पत्रे असोत वा दहा लाख, प्रत्येक पत्र पाचच वेळा यंत्रातून जाते. तुलना करून एक लाख पत्रे क्रमाने लावायची म्हटली, तर प्रत्येक पत्रामागे साधारण सतरा तुलना कराव्या लागतील. अट एकच. आधीच्या फेरीतील क्रम पुढच्या फेरीत खणाच्या आत बिघडता कामा नये. एका फेरीत खणांचे गठ्ठे उलटसुलट रचले गेले तर सगळे श्रम वाया जात. म्हणून कुशल चालक गठ्ठा उजेडासमोर धरून किंवा छिद्रांतून सुई घालून तो नीट लागला आहे की नाही हे तपासत. संगणकशास्त्रात या रीतीला अंकाधारित वर्गीकरण म्हणतात आणि तिचा उगम हॉलरिथ यांच्या यंत्रांपर्यंत नेला जातो.

फक्त कमाल मूल्यच हवे असेल तर याहून कमी श्रमात काम होते. आधी परगण्यांचे गठ्ठे करायचे, मग प्रत्येक गठ्ठ्यात शतक स्थान पाहायचे आणि ज्या सर्वांत वरच्या खणात पत्रे पडली असतील तेवढीच पुढे न्यायची. बहुतेक पत्रे तिसऱ्या फेरीतच बाजूला पडतात. परंतु परगणे शंभर असतील तर शंभर छोटे गठ्ठे हाताने घालावे आणि काढावे लागतात. यंत्र वेगाने चालते आणि माणूस गठ्ठे बदलण्यात गुंततो. कोणती रीत सोयीची, हे गटांच्या संख्येवर ठरते. माहितीसाठ्याच्या आजच्या प्रणालींनाही असाच निर्णय घ्यावा लागतो.

बेरीज करताना एक गट संपून दुसरा सुरू झाला हेही सुरुवातीच्या यंत्रांना आपोआप कळत नसे. गटांच्या मध्ये खास थांबापत्रे घालावी लागत. यंत्र तेथे थांबे, चालक आकडा उतरवून घेई आणि तबकड्या शून्यावर आणी. गटबदल स्वतः ओळखणारी यंत्रे नंतर आली.

जनगणना कार्यालयाशी संघर्ष

१९०२ मध्ये जनगणना कार्यालय कायमस्वरूपी झाले. त्याचे नवे संचालक सायमन नॉर्थ यांना हॉलरिथ यांचे भाडे फार जास्त वाटत होते. हॉलरिथ हट्टी आणि शीघ्रकोपी होते. यंत्र विकायचे नाही, भाड्यानेच द्यायचे आणि दुरुस्ती स्वतःच करायची, हे त्यांचे धोरण होते. ते व्यापारी दृष्टीने चतुर होते, पण एकाच पुरवठादारावर अवलंबून राहणे सरकारला परवडणारे नव्हते. १९०५ मध्ये बोलणी फिसकटली आणि कार्यालयाने त्यांची यंत्रे काढून टाकली. पुढच्याच वर्षी मूळ पेटंटांची मुदत संपली. कार्यालयाने स्वतःची कार्यशाळा काढली आणि तेथे जेम्स पॉवर्स यांनी नवी यंत्रे तयार केली. १९१० च्या जनगणनेच्या वेळी हॉलरिथ न्यायालयात गेले, परंतु निकाल त्यांच्या विरुद्ध लागला. पॉवर्स यांनी १९११ मध्ये स्वतंत्र कंपनी काढली आणि पुढील अनेक दशके ती हॉलरिथ यांच्या वारसांची मुख्य प्रतिस्पर्धी राहिली. ज्या कार्यालयाच्या अडचणीतून हे यंत्र जन्मले, तेथेच त्याला स्पर्धक तयार झाला.

उत्तरायुष्य

१९११ मध्ये चार्ल्स फ्लिंट यांनी हॉलरिथ यांची कंपनी इतर कंपन्यांत विलीन करून कॉम्प्युटिंग-टॅब्युलेटिंग-रेकॉर्डिंग कंपनी स्थापन केली. या व्यवहारात हॉलरिथ यांना सुमारे १२ लाख डॉलर मिळाले. ते सल्लागार अभियंता म्हणून राहिले, पण १९१४ मध्ये टॉमस वॉटसन यांच्याकडे सूत्रे आल्यावर त्यांचा प्रभाव ओसरला. १९२१ मध्ये ते पूर्णपणे निवृत्त झाले. १९२४ मध्ये कंपनीचे नाव इंटरनॅशनल बिझनेस मशीन्स झाले. आपल्या शेतावर गर्न्सी जातीच्या गाई पाळण्यात त्यांची शेवटची वर्षे गेली. १७ नोव्हेंबर, १९२९ रोजी वॉशिंग्टन येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. जॉर्जटाउनच्या ओक हिल दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

नंतरचा वापर

जर्मनीत त्यांची यंत्रे देहोमाग या कंपनीमार्फत जात. त्या देशात हॉलरिथ हा शब्दच यंत्राचे नाव होऊन बसला. नाझी राजवटीत १९३३ च्या जनगणनेचे प्रशियातील काम देहोमागने केले. माणसांना धर्म व वंशानुसार गटांत लावण्याचे साधन त्या राजवटीच्या हाती होते आणि काही छळछावण्यांत हॉलरिथ विभाग होते. हॉलरिथ यांचे निधन त्याआधीच झाले होते. मूळ कंपनीची जबाबदारी किती, यावर आजही वाद आहे.

भारतात जनगणनेने दुसरा मार्ग धरला. १९०१ मध्ये येथे बव्हेरियातील गेओर्ग फॉन मायर यांची चिठ्ठ्यांची पद्धत आणण्यात आली. प्रत्येक माणसासाठी एक चिठ्ठी लिहून त्या हाताने खणांत वर्गीकृत केल्या जात. सुट्या नोंदीचे तत्त्व हॉलरिथ यांच्या पद्धतीसारखेच होते, यंत्र तेवढे नव्हते. स्वस्त मनुष्यबळामुळे ही पद्धत पुढे अनेक जनगणनांत टिकली. हॉलरिथ यांची पेटंटे वापरणारी ब्रिटिश टॅब्युलेटिंग मशीन कंपनी १९५९ मध्ये पॉवर्स परंपरेतील कंपनीत मिसळली. त्यातून १९६८ मध्ये आयसीएल तयार झाली. या कंपनीच्या पुण्यातील उद्योगातूनच आजची झेन्सार ही कंपनी उभी राहिली.

फोरट्रान या संगणकभाषेच्या जुन्या आवृत्त्यांत अक्षरमालिका लिहिण्याच्या रीतीला हॉलरिथ स्थिरांक असे नाव होते. १९७७ च्या प्रमाणित आवृत्तीतून ती वगळण्यात आली.